उशीर कोणाचा?



बाळंतपणांत एखादी स्त्री दगावली म्हणजे गांवांत दोन वाक्यें बहुधा ऐकूं येतात. एक, "तिचें आयुष्यच तेवढें होतें", आणि दुसरें, "सरकार गरिबांसाठीं कांहींच करीत नाहीं." हीं वाक्यें दिसण्यांत भिन्न आहेत, परंतु दोहोंचें काम एकच, तें हें कीं बोलणाऱ्यास दोषांतून मोकळें करणें. पहिल्यानें दोष दैवावर जातो, दुसऱ्यानें सरकारावर. घरावर तो कोणीच घेत नाहीं. तेव्हां हा दोष खरोखर कोणाचा, याचा आज शांतपणें विचार करूं.

सरकारानें काय केलें, तें प्रथम न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. १२ एप्रिल २००५ रोजीं जननी सुरक्षा योजना सुरू झाली. दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीस रोख साहाय्य मिळावें, आणि गांवांतीलच आशा कार्यकर्तीनें तिला तेथवर न्यावें, अशी ही व्यवस्था. पुढें १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानें सरकारी रुग्णालयांतील बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरीहि, विनामूल्य ठरविलें. औषधें, तपासण्या, लागल्यास रक्त, जाण्यायेण्याचें वाहन, साध्या बाळंतपणांत तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस जेवण, यांपैकीं कशाचाहि पैसा घ्यावयाचा नाहीं असा नियम झाला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्याचा प्रघात पडला.

याचें फळ दिसत नाहीं असें नाहीं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभरांपैकीं सुमारे ३९ बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं आढळलीं. २०१९-२१ च्या पाहणींत तीच संख्या सुमारे ८९ झाली. एक लाख जिवंत जन्मांमागें मरणाऱ्या मातांची संख्या २००१-०३ मध्यें ३०१ होती, ती २०१८-२० मध्यें ९७ वर आली. महाराष्ट्रांत तर ३३ वर आली. याचें सर्व श्रेय एकट्या योजनांस देतां येणार नाहीं. रस्ते झाले, मुली शिकल्या, लग्नाचें वय वाढलें, यांचाहि त्यांत वांटा आहे. तथापि "सरकार कांहींच करीत नाहीं" हें वाक्य खरें राहिलें नाहीं, एवढें निश्चित.

मग ज्या माता अजूनहि मरतात, त्या कां मरतात? १९९४ सालीं थॅडियस व मेन या दोन अभ्यासकांनीं या प्रश्नाचा विचार करून उशिराचे तीन प्रकार सांगितले. पहिला उशीर, दवाखान्यांत जावें असें ठरविण्याचा, दुसरा, वाटेचा, तिसरा, तेथें पोंचल्यावर उपचार मिळण्याचा. दुसरा व तिसरा उशीर बहुतांशीं सरकारच्या हातचा आहे. वाहन आलें नाहीं, डॉक्टर जागेवर नाहीं, फुकट मिळावयाच्या औषधासाठीं कोणी पैसे मागितले, तर तो दोष उघड कचेरीचा आहे, आणि त्याचा जाब विचारणें हा उद्धटपणा नव्हे. जें नियमानें दिलें आहे तें भीक नसतें.

परंतु पहिला उशीर घराच्या उंबरठ्याच्या आंतला आहे. बाळंतपणानंतर भारी रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांच्या आंत जीव जाऊं शकतो. त्या दोन तासांत घरांत काय चालतें? सासूबाई म्हणतात, "आमचीं सगळीं घरींच झालीं." नवरा म्हणतो, "थोरल्या भावास विचारतों", आणि थोरला भाऊ बाजारास गेलेला असतो. जिच्या जिवाचा प्रश्न, तिला मात्र कोणी विचारीत नाहीं. वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या पाहणींत दवाखान्यांत एकटीनें जाण्याची मोकळीक सुमारे निम्म्याच स्त्रियांस असल्याचें दिसून आलें. दार उघडें आहे, पण पाऊल टाकण्यास परवानगी लागते.

येथें कोणी म्हणेल, "सासूबाई कांहीं दुष्ट नसतात, दवाखान्यांत अपमान होतो, उगाच पोट फाडतात, या भयानें त्या अडवितात." हें म्हणणें खोटें नाहीं, आणि तें भय कित्येकदां अनुभवांतूनच आलेलें असतें. परंतु भय हें आगाऊ चौकशी करण्याचें कारण आहे, ऐन वेळीं थांबण्याचें नव्हे. शिवाय एक भेद ध्यानांत ठेवावा. ज्या काळीं वाहन नव्हतें, पैसा नव्हता, दहा कोसांत डॉक्टर नव्हता, त्या काळीं हात जोडून बसणें ही असहायता होती. आतां वाहन बोलाविल्यास येतें व खर्च माफ आहे, तेथें तेंच बसणें उपेक्षा ठरतें. कृत्य बदललें नाहीं. त्याचें नांव बदललें. साहाय्य जितकें जवळ येतें, तितकी आपली सबब दूर जाते. मात्र घराचा दोष दाखविल्यानें कचेरीचा दोष धुतला जातो, असें कोणीं समजूं नये.

म्हणून सातव्या महिन्यांतच घरच्यांनीं बसून ठरवावें: कोणत्या दवाखान्यांत जावयाचें, १०८ किंवा १०२ वर फोन कोणीं करावा, बरोबर कोणीं जावें, लागल्यास रक्त कोणीं द्यावें, मागें लेंकरें व गुरें कोणीं सांभाळावीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सर्वांदेखत असें बोलून ठेवावें कीं, तिनें "मला न्या" म्हटल्यावर कोणाच्याहि हुकुमाची वाट पाहावयाची नाहीं. शेजाऱ्यांनीं चूल व लेंकरें आपलीं समजावीं. गांवांतील शिक्षकांनीं व उपदेशकांनीं ही गोष्ट स्त्रियांपेक्षां पुरुषांच्या बैठकींत अधिक सांगावी, कारण अडथळा बहुधा तेथेंच असतो.

योजना कागदावर मुंबई-दिल्लीस लिहिल्या जातात. त्यांतील शेवटची ओळ आपल्या घरांत लिहावयाची असते. ती ओळ लिहिण्यास पैसा लागत नाहीं. "चल, गाडी बोलाविली आहे," एवढेंच वेळेवर म्हणावें लागतें.