उसना नाद

उसना घेतलेला पैसा परत करावा, हें नीतीचें सूत्र लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु उसना घेतलेला नाद कसा परत करावयाचा? जुन्या नीतिवेत्त्यांस हा प्रश्न पडण्याचें कारण नव्हतें. ध्वनि उमटतांच विरून जात असे. ध्वनिमुद्रणानें तो टिकाऊ झाला, आणि संगणकानें त्यास हातांत खेळविण्याची वस्तु बनविलें. संगणकांतील सिंथेसायझरमध्यें बाहेरचा एखादा ध्वनिखंड, ज्यास ‘सॅम्पल’ म्हणतात, घातला कीं तो पेटीप्रमाणें पट्ट्यांवर वांटून टाकतां येतो. तोच खंड दुप्पट वेगानें वाजविला असतां स्वर एक सप्तक वर चढतो, निम्म्या वेगानें वाजविला असतां एक सप्तक खालीं उतरतो. कोणा एका वादकाच्या क्षणभराच्या श्रमांतून असें अवघें वाद्य तयार होतें.

यांत चोरी कोठें आली, असें कोणी विचारील. मूळ तबकडी धन्याजवळ जशीच्या तशी राहते. शिवाय कला ही उसनवारीवरच जगत आली आहे. षड्ज कोणाच्या मालकीचा नाहीं, आणि गुरूची तान उचलणाऱ्या शिष्यास कोणी चोर म्हणत नाहीं. हें सर्व खरें. पण शिष्य ती तान स्वतःच्या गळ्यानें उचलतो. ती बसविण्यांत त्याचीं वर्षें खर्चीं पडतात, आणि त्या कष्टांनींच ती त्याची होते. सॅम्पल घेणारा तानेचें केवळ वळण घेत नाहीं. तो दुसऱ्याचा गळाच घेतो.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत घडलें. १९६९ सालीं ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या तबकडींत ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकानें सुमारें सात सेकंद एकट्यानें ठेका वाजविला. पुढें १९८० नंतर तो ठेका इतरांनीं उचलला, आणि अमेरिकेंतील व इंग्लंडांतील हजारों ध्वनिमुद्रणांत तो शिरला. कोलमन २००६ सालीं निर्धन व निराधार स्थितींत वारला; या ठेक्याबद्दल त्यास कवडीही मिळाली नव्हती. २०१५ सालीं इंग्लंडांतील रसिकांच्या पुढाकारानें सुमारें २४,००० पौंडांची वर्गणी जमली, ती वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांस देण्यांत आली. कारण कायद्यानें हक्क त्यांचा होता. म्हणजे सर्वांनीं कायदा काटेकोर पाळला असता, तरीही ज्याच्या हातांनीं तो ठेका वाजला त्याचें ऋण फिटलेंच असतें, असें नाहीं.

मग ही प्रथा बंदच करावी काय? मला तसें वाटत नाहीं. त्या सात सेकंदांतून गरीब व होतकरू तरुणांनीं नवीन संगीत निर्मिलें. तें नसतें तर जग तेवढें दरिद्री राहिलें असतें. आमच्या शास्त्रकारांनीं ऋषिऋण सांगितलें. तें अध्ययनानें फिटतें, आणि तर्पणांत ऋषींचीं नांवें घ्यावीं लागतात. येथेंही प्रथम नांव जाणून घेणें व सांगणें हें कर्तव्य आहे. आज तबल्याचे व सतारीचे ध्वनिखंड बाजारांत विकत मिळतात. त्यांवर वाद्याचें नांव असतें, वादकाचें कित्येकदां नसतें. मात्र ऋषि अन्न मागत नाहींत. वादकास अन्न लागतें. म्हणून मिळकत झाली तर तींतील वांटा तो जिवंत असतां त्याच्या हातीं पोहोंचला पाहिजे. अनुज्ञापत्र मिळालें म्हणजे कायद्याची भीति संपते. ऋणाची जाणीव तेथें संपतां कामा नये.