मिसरमधले शेजारी

मिस्सेत शांतीसाठी प्रार्थना करताना आपण युक्रेनचे, गाझाचे नाव घेतले आहे. युद्ध दूरच्या देशांत होते असे आपल्याला वाटते. (भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा बनतो, हे आपण विसरतो, त्यावर पुन्हा कधी बोलू.)

पण मुलचेरा, चामोर्शीकडचे बंगाली शेजारी आठवा. पूर्व पाकिस्तानातून घरदार सोडून आलेल्या या कुटुंबांना 1960 च्या दशकात सरकारने आपल्या जंगलभागात वसवले. पुढे 1971 साली सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. डिसेंबरमधले युद्ध तेरा दिवसांत संपले, बांगलादेश झाला, आणि त्यांतले बहुतेक परत गेले. आपले हे शेजारी मात्र इथेच राहिले. त्यांची तिसरी पिढी इथेच जन्मली, इथेच भात पिकवते. तरीही आठवडी बाजारात आपल्या तोंडून सहज 'निर्वासित' हाच शब्द निघतो.

बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ रात्रीच मिसर देशाला निघाले (मत्तय 2:14). तिथल्या बाजारात त्यांना लोकांनी कोणत्या नावाने हाक मारली असेल?

आजच्या प्रार्थनेत मुलचेऱ्याचेही नाव घेऊ या.