घटस्फोटाचा आकडा काय सांगतो?

आपल्या देशात घटस्फोट फार कमी होतात, ही गोष्ट लग्नमंडपातील भाषणांपासून वेदीवरील प्रवचनांपर्यंत सर्वत्र अभिमानाने सांगितली जाते. पाश्चात्त्य देशांशी तुलना होते, आपली कुटुंबसंस्था शाबूत आहे असा निष्कर्ष निघतो आणि श्रोते निश्चिंत मनाने जेवायला उठतात. आकडा खोटा नाही. परंतु तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो तिचा तो खरोखर पुरावा आहे काय, हा प्रश्न केवळ गणिताचा नव्हे, नीतीचाही आहे.

२०२१ साली व्हायची जनगणना महामारीमुळे वेळेवर झाली नाही, म्हणून येथे २०११ चेच आकडे घेतो. त्या जनगणनेत ‘घटस्फोटित’ आणि ‘विभक्त’ असे दोन वेगळे रकाने होते. घटस्फोटितांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार. विवाहितांच्या तुलनेत हे प्रमाण पाव टक्काही भरत नाही. अभिमानाचे भाषण येथेच थांबते. शेजारचा रकाना मात्र कोणी वाचत नाही. विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या अडीचपटीहून अधिक आहे. त्यांचे संसार कायद्याच्या दप्तरी अजून उभे आहेत, घरात मात्र चूल एकाचीच पेटते.

आणखी एक विसंगती पाहा. घटस्फोटित स्त्रिया सुमारे ९ लाख, तर पुरुष सुमारे साडेचार लाख. प्रत्येक घटस्फोटात एक पुरुष आणि एक स्त्री असते, मग निम्मे पुरुष गेले कोठे? पुनर्विवाह हे त्याचे उघड कारण होय. पण विभक्तांमध्येही स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तेथे तर कायद्याचे बंधन सुटलेले नाही. हे उरलेले पती गणनेसाठी आलेल्या शिक्षकाला आपली ओळख काय सांगत असतील? ‘नवऱ्याने टाकलेली’ हा शब्दप्रयोग आपल्या गावोगावी रुळलेला आहे. ‘बायकोला टाकणारा’ अशी ओळख मात्र कोणा पुरुषाला जन्मभर चिकटल्याचे ऐकिवात नाही.

ख्रिस्ती समाजाने तर हा अभिमान अधिकच जपून मिरवावा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र सर्वसाधारणपणे व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. परस्पर संमतीची वाट नव्हती. जिल्हा न्यायालयाच्या हुकमावर उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचे शिक्कामोर्तब लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षे आपल्या समाजात घटस्फोट विरळा असतील, तर त्याचे श्रेय प्रेमाला द्यायचे की कुलपाला?

याच्या उलट उदाहरण मिझोरामचे. तेथील बहुसंख्य प्रजा ख्रिस्ती, आणि घटस्फोटितांचे प्रमाण देशात सर्वाधिक, चार टक्क्यांहून अधिक. म्हणून मिझो लोकांचे संसार आपल्यापेक्षा वाईट असे म्हणावे काय? तसे म्हणवत नाही. तेथील जमातींच्या रूढींमध्ये विवाह मोडणे तुलनेने सुलभ आहे, एवढे मात्र खरे. दार उघडे असलेल्या घरात किती माणसे राहिली आणि बंद घरात किती, या दोन मोजण्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

बंद घरात काय चालते याचा अंदाज दुसऱ्या एका पाहणीतून येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेला आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना ती गोष्ट कोणापाशी बोलून दाखवली. पाव टक्का आणि २९ टक्के हे आकडे एकाच देशाचे आहेत.

विवाह अविच्छेद्य आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आकड्यांवर उभी नाही आणि आकड्यांनी ढळणारही नाही. पण अविच्छेद्य याचा अर्थ ‘काहीही होवो, मुकाट्याने सोस’ असा आपण लावत आलो आहोत, तो ख्रिस्तसभेचा नाही. जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा १९८३ च्या चर्चच्या धर्मकायद्यात स्पष्टपणे दिलेली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात तर काही प्रसंगी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असेही म्हटले आहे. माहेरी परतलेल्या मुलीला ‘जा, जुळवून घे’ म्हणून त्याच रात्री परत पाठवणाऱ्या आईबापांनी, आणि त्यांना तसा सल्ला देणाऱ्यांनी, हे एकदा वाचून पाहावे.

अनेक कुटुंबांत अजून एक गैरसमज ठाण मांडून आहे. वेगळी राहणारी किंवा दिवाणी न्यायालयातून घटस्फोट झालेली, पण पुनर्विवाह न केलेली व्यक्ती केवळ त्या कारणाने पवित्र कम्युनियनला मुकत नाही. तरीही अशी एखादी स्त्री रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसते आणि सगळे रांगेत उभे राहिले की मान खाली घालून तेथेच थांबते. तिला बंदी नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.