दीड दिवसाचे डोळे, सहा महिन्यांचं दुपटं

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वीतभर अंतरापलीकडचं धड दिसत नाही. रंगांचीही ओळख अर्धीमुर्धी. गडद आणि फिकं एवढा फरक त्याला आधी कळतो, रंगांच्या छटा उमगायला काही महिने जावे लागतात. तरीही बाळंतविड्यासाठी दोरा घ्यायला निघालेली मावशी दुकानदाराला सगळे बॉक्स खाली काढायला लावते, हळदी पिवळ्याशेजारी पोपटी बरा की मोरपंखी यावर बरोबरच्या बाईशी वाद घालते आणि शेवटी पाच रंग घेऊन घरी येते. एका रंगाचं दुपटंही तितकीच ऊब देतं. मग ज्याला धड दिसतच नाही त्याच्यासाठी ही नक्षी कशाला?

प्रश्न बायकांच्या दुपारच्या गप्पांमधला वाटतो, पण तो धर्मचिंतनाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. गरज भागली तरी हात थांबत नाही, पुढे जाऊन सजवत बसतो. त्या जास्तीच्या कष्टाचं फळ कोणतं? आणि फळच नसेल तर त्या कष्टाला भक्ती म्हणायचं, मोह म्हणायचं की निव्वळ हौस?

आधी काम काय आहे ते पाहू. क्रोशाला सुई एकच, तिच्या टोकाला आकडा. साखळी घालायची, साखळीवर खांब घालायचे, ओळ संपली की उलटायचं. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. क्रोशात बहुतेक वेळ फक्त एक फास सुईवर असतो. तो सुटला आणि दोऱ्याचं टोक ओढलं, तर महिन्याचं काम काही मिनिटांत उसवून पुन्हा गुंडा होतो. दुसरी गंमत यंत्राची. दोन सुयांचं विणकाम यंत्राने कधीच आत्मसात केलं, पण क्रोशाची खरी वीण अजूनही माणसाच्या हातानेच घालावी लागते. यंत्रावरची म्हणून बाजारात जी मिळते, ती बहुधा तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वीण असते.

बहुरंगी नक्षीची खरी परीक्षा रंग बदलताना होते. जुन्या रंगाचा शेवटचा खांब त्याच रंगात पुरा केला, तर पुढच्या टाक्याच्या डोक्यावर त्या रंगाचा ठिपका राहून जातो. म्हणून त्या खांबाची अखेरची ओढ नव्या रंगाने घ्यायची. एका नक्षीत तर सुई वरच्या ओळीत न घालता दोन-तीन ओळी खाली खुपसतात आणि तिथून नवा रंग लांब ओढून वर आणतात. मग खालच्या रंगावर वरच्या रंगाचे भाले उतरल्यासारखे दिसतात. प्रत्येक बदलाला दोऱ्याची दोन टोकं उरतात आणि ती बोथट सुईने उलट्या बाजूला घट्ट मुरवावी लागतात. बाळाच्या दुपट्यात इथे हयगय चालत नाही, कारण सुटा धागा तान्ह्या बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबतो. नक्षीतली भोकंही बोटं अडकतील एवढी मोठी नकोत. कोकणच्या दमट हवेत लोकरीचा उपयोग जेमतेमच, त्यामुळे सुती दोराच बरा. थोडक्यात, हे काम डोळे मिटून हौस म्हणून होण्यातलं नाही.

आता परंपरेकडे वळलं, तर ती या हौसेला आडकाठीच करताना दिसते. मराठी घरांतून बाळाला आधी कोरं कापड घालत नसत. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि लंगोट निघत. बाळ हाती येईपर्यंत त्याच्यासाठी खरेदी करायची नाही, हा संकेत आजही कित्येक घरांत पाळतात. पाचवी पुजायची, सटवाई कपाळावर काय लिहून जाते त्याची वाट पाहायची, बाराव्या दिवशी बारसं करायचं, आणि सजवलेल्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावून ती सजावट मुद्दाम थोडी बिघडवायची.

या चालीरीतींना अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात हजारातली दोनशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आज देशाचा आकडा हजारी तिशीच्या आत आला आहे. दोनशेच्या काळात जुनं लुगडं ही केवळ काटकसर नव्हती. आशा फार उघडपणे दाखवायची नाही, असा तो शहाणपणा होता. सातव्या महिन्यात पाच रंगांचं दुपटं विणायला घेणारी बाई हा शहाणपणा मोडते. जे अजून आलेलं नाही त्यासाठी ती दिवसचे दिवस घालते. गीतेच्या भाषेत बोलायचं, तर ती फळाच्या अगदी जवळ जाऊन बसलेली असते.

हा पेच समजून घ्यायला पेण तालुक्यातलं जोहे हे गाव सोयीचं आहे. जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात वर्षाचे बहुतेक महिने गणपतीच्या मूर्तींचं काम चालतं. घरांना लागून कारखाने, पडवीत रांगेने वाळत ठेवलेल्या पांढऱ्या मूर्ती, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीला ठरावीक माणसंच बसतात. बारीक ब्रश घेऊन, श्वास आवरून, एका फटक्यात पापणीची रेघ ओढायची. बुबुळ केसभर सरकलं तरी नजर भलतीकडे जाते आणि मूर्ती गिऱ्हाइकाकडे पाहत नाही. मूर्तीच्या चेहऱ्यावरचा भाव ठरतो तो या डोळ्यांवर.

आणि एवढं करून हे डोळे किती दिवसांसाठी? कित्येक घरांत दीड दिवस. नंतर उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि शास्त्रार्थाने ती पुन्हा माती होते. मग पाणी. आखणी करणाऱ्याला हे ठाऊक असतं, पण म्हणून तो दीड दिवसाच्या गणपतीचे डोळे दहा दिवसांच्या गणपतीपेक्षा घाईत उरकत नाही. दुपट्याचंही तसंच. सहा-आठ महिन्यांत बाळ रांगायला लागतं, दुपटं तोकडं पडतं. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटं पांघरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचा सल्ला आहे. तो मानणाऱ्या घरात दुपटं दिवसा, मांडीवर, माणसांच्या डोळ्यांसमोरच वापरायचं.

या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार असलेला माणूस याच तालुक्यात जन्मला. विनोबा भावे 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय सांगितला. साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज वाचायला मिळतात. फलत्यागाबद्दलचा एक रूढ गैरसमज विनोबांनी तिथे उलटा करून टाकला. फळ नको म्हणणाऱ्याचं काम ढिलं पडेल, असं लोकांना वाटतं. विनोबांचं म्हणणं असं की ते अधिक चोख झालं पाहिजे, कारण फळावर डोळा ठेवणाऱ्याचं चित्त तिकडे वाटलं जातं आणि निष्काम माणसाचं सगळं चित्त कामावर असतं. दाखला त्यांनी चित्रकाराचा आणि शेतकऱ्याचा दिला. चित्र काढू नकोस, त्याचे काय पैसे हवेत ते घे, असं सांगितलं तर खरा चित्रकार तो सौदा पत्करणार नाही.

आखणी करणारे हात या कसोटीला उतरतात. पण विणणाऱ्या मावशीचं काय? तिचं चित्त तर बाळावर आहे. आणि दुसरी अडचण खुद्द विनोबांकडून येते. त्यांचे वडील नरहरपंत बडोद्याला कापडाच्या रंगांचे प्रयोग करत, मुलगा मात्र आयुष्यभर पांढऱ्या सुताचा. टकळी, चरखा, माग हे सगळं त्यांनी केलं ते अंग झाकण्यापुरतं, देशाच्या गरजेपुरतं. पाच रंगांचे भाले त्यांच्या आश्रमात कुणी विणत नव्हतं. गरजेपलीकडचा प्रत्येक टाका त्यांच्या हिशेबात बहुधा चैनीच्या खात्यावर पडला असता.

इथे मराठी संतपरंपरेतली एक भयंकर कथा मदतीला येते. तेरचे गोरा कुंभार माती तुडवत होते, नामात रंगले होते, आणि पायाखाली स्वतःचं रांगतं मूल आलेलं त्यांना कळलं नाही. कथेत पुढे विठ्ठल ते मूल परत देतो, म्हणून कीर्तनात ती सुखाने संपते. पण परंपरेने ही गोष्ट लपवली नाही, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. देवाकडे लागलेलं लक्षही पायाखालच्या जिवावरून उडू शकतं, हे तिने नोंदवून ठेवलं. त्या घटनेत गोरोबांच्या पत्नीचा आक्रोश आहे आणि तो कोणत्याही प्रवचनाने खोडता येत नाही.

दुपटं विणणाऱ्या बाईची एकाग्रता नेमकी उलट जातीची आहे. तिचं लक्ष कामात बुडतं ते जिवाकडेच वळलेलं राहून. भोक किती मोठं, टोक सुटेल का, दोरा अंगाला खाजेल का, हे प्रश्न ती प्रत्येक ओळीला विचारते. नक्षी त्या लक्षाला धरून ठेवते. एकरंगी वीण हात आपोआप घालतो आणि मन भटकतं. रंग बदलायचा असला की मोजावं लागतं आणि चुकलं तर उसवावं लागतं. बाळाला रंग धड दिसत नाहीत हे खरं, पण ते रंग बाळाला दाखवण्यासाठी नव्हतेच. विणणारीचं मन त्या एका फासावरून हलू नये यासाठी ते होते. बाळाला मिळतं ते त्या लक्षाचं उरलेलं रूप, म्हणजे टोकं नीट मुरवलेलं कापड. सजावट आणि सेवा यांच्यात विनोबांच्या खादीने जी रेघ ओढली, ती इथे पुसट होते.

गोव्याच्या सीमेलगत उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर भागात, सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. ऊब देणारं सगळं काम झाल्यावर चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. त्यांचा उपयोग शून्य. पण फुलं नसलेली कवंदी त्या बायका पुरी धरत नाहीत, त्यांच्या मते ती उघडी राहते. पाळण्यातल्या बाळासाठी शिवलेली लहान कवंदीही याला अपवाद नाही. निरुपयोगी वाटणारी गोष्ट तिथे पूर्णत्वाची अट होऊन बसली आहे. तीट लावून सजावट बिघडवणारी आजी आणि फूल लावून गोधडी पुरी करणारी सिद्दी बाई यांच्यापैकी बाळाबद्दल कोण जास्त हळवी, हे ठरवणं अवघड आहे.

फलत्यागाची आणखी एक बाजू मात्र कटू आहे. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिथला माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांचा अभ्यास करून 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसलं ते असं: घरचं सगळं उरकून या बायका दिवसाचे सहा-सात तास लेस करत आणि त्यांना मिळणारी मजुरी शेतमजुरीपेक्षाही कितीतरी कमी असे. कारण व्यापाऱ्याच्या लेखी त्या कामगार नव्हत्या, फावल्या वेळात हात चालवणाऱ्या गृहिणी होत्या. दुसऱ्याच्या निष्काम वृत्तीवर तिसऱ्याने नफा कमावला, तर त्या सौद्याला गीतेचा आधार सापडत नाही. फळ सोडायचा हक्क काम करणाऱ्याचा. तो गिऱ्हाइकाने गाजवायचा नसतो.

आज ऑर्डर घेऊन दुपटी विणणाऱ्या बाईला हेच ऐकावं लागतं. “काकू, घरबसल्या तर करता, मग एवढे कसे?” दोऱ्याचे पैसे सगळ्यांना कळतात. उसवून पुन्हा घातलेल्या ओळींचे आणि आत मुरवलेल्या टोकांचे पैसे कुणी धरत नाही, कारण काम जितकं चांगलं तितकं ते दिसेनासं होतं. मूर्तीच्या कारखान्यातही घासाघीस होते ती उंचीच्या फुटांवर, डोळ्यांवर नव्हे.

तुरुंगात फलत्याग शिकवणाऱ्या विनोबांनी या बाबतीत काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला असताना ते तासन्‌तास सूत कातत आणि कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच जगून पाहण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. पोट भरत नव्हतं. 1935 मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं धोरण स्वीकारलं, त्यामुळे खादी महागली आणि विक्रीवर परिणाम होईल म्हणून कार्यकर्त्यांनी कुरकुर केली. तरी ते धोरण पुढे नेलं गेलं. फळाची आसक्ती सोडा असं सांगणारी माणसं मजुरीचा हिशेब पैशा-आण्यांत मांडत होती, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. पेणच्या बाजारात पाच रंगांच्या दुपट्याचा भाव ठरवताना हा हिशेब अजून कुणी पुढ्यात घेतलेला दिसत नाही.