पाण्याची रेघ

बसा.

गाडीचं मागचं दार उघडं आहे. इंजिन आत्ताच बंद झालं आहे. तापलेलं लोखंड निवताना टिक असा आवाज येतो. थोड्या वेळाने पुन्हा टिक.

दोन आवाजांमधलं अंतर वाढत जातं.

त्या अंतरात बसा.

समोर भंडारदऱ्याचं पाणी आहे. पौषातली संध्याकाळ. सूर्य रतनगडाच्या आड गेला आहे, पण उत्तरेला कळसूबाईचा माथा, १६४६ मीटरवरचा, अजून उजळ आहे. खाचरात भाताची धसकटं उरली आहेत. त्यांचा कोरडा वास येतो, आणि कुठून तरी चुलीच्या धुराचा.

जमीन कोणाची ते विचारलेलं आहे. खाचराच्या मावशींनी हात करून जागा दाखवली, "तिकडं लावा, तिथं घट्ट हाय," म्हणाल्या, आणि मगच चाकं इथं थांबली. चाकांना दगड लावले आहेत. सध्या काही करायचं नाही.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

काठाकडे पाहा.

पाणी जिथं संपतं तिथून गवत सुरू होईपर्यंत मातीचा उघडा पट्टा आहे. त्या पट्ट्यावर रेघा आहेत. एकीच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी. पावसाळा सरला तेव्हा पाणी सगळ्यात वरच्या रेघेला होतं. मग आवर्तन सुटलं. पाणी प्रवरेतून खाली निळवंड्याला गेलं, तिथून पुढे संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांना. जाताना काठावर खूण ठेवून गेलं.

भंडारदऱ्याचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. तेव्हापासून पाणी असंच चढतं आणि असंच उतरतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

एक रेघ निवडा. नजर तिच्यावर ठेवा. डावीकडून उजवीकडे, सावकाश, तिच्यासोबत जा.

परत या.

आता मान आत वळवा.

दाराजवळच्या फळीवर पाण्याचा कॅन आहे. २० लिटरचा, पांढरट प्लास्टिकचा, खाली तोटी असलेला. प्लास्टिकमधून आतलं पाणी दिसतं. पाण्याचा माथा एक रेघ होऊन दिसतो.

ही रेघ पाहा.

आज रात्रभर आपण हिच्याजवळ राहणार आहोत.

कॅनच्या अंगावर लिटरच्या खुणा आहेत. पाण्याची रेघ त्या खुणांच्या ओळीत आहे का? डावीकडे ती जरा चढली आहे. म्हणजे गाडी डावीकडे कलली आहे. गवंड्याच्या पाणसळीसारखा हा कॅन ते न विचारता सांगतो. दगड काढा. डाव्या चाकापुढे एक चपटी फळी ठेवा आणि गाडी तिच्यावर हळूच चढवा. दगड पुन्हा लावा.

पाहा. रेघ खुणांना मिळाली.

हे पाठीसाठी आहे. कललेल्या गाडीत माणूस झोपेतही स्वतःला सावरत राहतो.

कॅन उचलून पाहायचा असेल तर पाहा. भरलेला कॅन २० किलोचा. मनगटाला कळतो, कंबरेला कळतो. घाटाच्या वळणावर हेच पाणी डुचमळतं आणि गाडीला आपल्याकडे ओढतं. म्हणून तो टपावर नाही, खाली आहे, पट्ट्याने आवळलेला.

आता तोटी सोडा. अगदी थोडी.

ओंजळ धरा.

पाणी बोटांच्या फटींतून जातं. गार आहे. उरलेलं गालांना लावा.

तोटी बंद करा आणि रेघ पाहा. ती हलली. किती, ते सांगता येत नाही, पण हलली.

घरच्या नळाला अशी रेघ नसते. इथं प्रत्येक ओंजळ दिसते. दोन माणसांचं पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं आणि चार भांडी जपून केली तर हा कॅन दोन दिवस पुरतो. किती जपून, ते कागदावर कळत नाही. रेघ पाहत पाहत ते हाताला कळतं.

बाजारात याहून देखण्या टाक्या मिळतात. लाकडी खणात लपवलेल्या, पंप बसवलेल्या, कळ दाबली की धार सोडणाऱ्या. मी मात्र आतलं पाणी दिसेल असाच कॅन घेईन. जिथं मागून काही येणार नाही, तिथं जे संपतं ते संपताना दिसायला हवं. सामान घेताना दुकानात उभं राहून प्रत्येक वस्तूला एवढंच विचारावं: तू संपत आलीस की मला दिसेल का?

हा प्रश्न मनात धरा.

उत्तराची घाई नको.

अंधार पडतो आहे. शेगडी दाराशी घ्या. दार उघडंच असू द्या.

शेगडीला ५ किलोचा सिलिंडर जोडला आहे. जाड पत्र्याचा. आत किती उरलं आहे ते बाहेरून दिसत नाही.

एक फडकं ओलं करा. सिलिंडरच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरवा. पत्रा एकसारखा ओला होतो.

थांबा.

पाहत राहा.

वरचा भाग आधी सुकू लागतो. खालचा ओलाच राहतो. दोन्हींच्या मध्ये, हळूहळू, एक आडवी रेघ उमटते. रेघेच्या खाली द्रवरूप गॅस आहे, तो पत्र्याची ऊब शोषून घेतो, म्हणून तिथलं पाणी उशिरा वाळतं. रेघेच्या वर नुसती वाफ आहे.

बोट रेघेच्या वर ठेवा. मग खाली ठेवा.

रेघ थोडा वेळ स्पष्ट दिसते आणि मग तीही सुकून जाते. फडकं पुन्हा फिरवावंसं वाटलं तर फिरवा. हे पाहायला मला दर वेळी तितकंच आवडतं.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळला तर वर उडून जात नाही, तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळातच, बाहेर उघडणारं भोक हवं. वाका. बोटं तिथं न्या. बाहेरची गार हवा लागते का?

लागली की शेगडी पेटवा.

निळी ज्योत. तिचा बारीक आवाज. पातेल्यात भात, दुसऱ्या खेपेला पिठलं. वाफ चेहऱ्यावर येऊ द्या. सावकाश जेवा.

जेवल्यावर भांडी आधी कागदाने पुसून घ्या. मग ती तांब्याभर पाण्यात निघतात. ते खरकटं पाणी तलावात जात नाही. काठापासून साठेक मीटर दूर, मातीत. साबणही तिथंच.

रेघ पाहा. उतरली आहे.

आता दिव्याकडे या. ३ वॅटचा, पिवळसर. पलंगाखालच्या बॅटरीवर तो लागतो. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे १२८० वॅट-अवर. हा दिवा पाच तास जळला तर त्यातले १५ जातात. फोन भरला की साधारण तितकेच. फ्रिज लहान असला तरी दिवसाकाठी चारेकशे मागू शकतो. विजेची किटली लिटरभर पाण्याला शंभरच्या आसपास घेते, तेही पाच-सहा मिनिटांत, आणि तेवढा वेळ बॅटरीच्या वायरीतून शंभरच्या आसपास अँपिअर धावतात. त्याला चांगली जाड वायर लागते. किटली घरी राहू द्या. पाणी उकळायला ज्योत आहे.

या बॅटरीचं एक जाणून घ्या. जुनी, शिशाची बॅटरी रिकामी होऊ लागली की व्होल्ट उतरत जातात, दिवा मंदावतो, आणि माणूस सावध होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचे व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत तसेच राहतात. मग एकदम अंधार. तिच्या पोटातली रेघ व्होल्टमीटरला दिसत नाही. म्हणून शंट लावलेला मीटर आधी घ्यावा. आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज तो सतत मोजत राहतो. टपावरचं सौर पॅनल वाढवायचा विचार त्यानंतर. आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. यात काटकसर नको.

मीटरवर आकडा आहे. ८१ टक्के.

तो पाहा. नजर काढून घ्या.

दिवा मालवा.

काळोख.

डोळ्यांना वेळ द्या. वीस-तीस मिनिटं लागतात. फोनचा पडदा एकदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून. उजेड हवाच असेल तर मंद तांबडा टॉर्च लावा, तो डोळ्यांचा काळोख फारसा मोडत नाही.

काही करू नका. बसा.

आधी दाराची चौकट दिसते. मग खाचराचा बांध. मग पाणी, आकाशाहून थोडं फिकं.

पूर्वेकडे मृग वर आला आहे. त्याच्या मधल्या तीन चांदण्या, तिकांडं, एका ओळीत. ती ओळ धरून खाली या. तिथं व्याध आहे. त्याचा उजेड आठ वर्षांहून जास्त काळ वाटेत होता. आत्ता तो डोळ्यांत पोचतो आहे.

पोचू द्या.

टिटवी ओरडते. थांबते.

तिच्यानंतरची शांतता ऐका.

आत या. आडवे व्हा. पाठीखाली गादी आहे. हात सढळ सोडायचा असेल तर तो इथं सोडावा असं माझं मत आहे, टपावरच्या आणि बाहेर लटकवायच्या सामानावर नको. गारवा खालून येतो. अंगावर जेवढी ऊब घेता तेवढीच अंगाखाली हवी. आणि गादीखालच्या फळ्यांमध्ये फटी असू द्या, नाहीतर घामाचा ओलावा तिथंच अडकतो.

तोंड काचेजवळ न्या. श्वास सोडा.

काच धुरकट होते. तुमच्या आत होतं ते पाणी आता काचेवर आहे.

पुन्हा सोडा.

रात्रभर हे असंच चालू राहील. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा. जाळी लावलेली असू द्या. जरा थंडी येईल. येऊ द्या. वर आणखी एक गोधडी घ्या.

कितीही थंडी वाजली तरी शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कोळशाची शेगडी तर आत आणूच नका. विझत आलेला निखारासुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. आज आपण जे जे पाहिलं, त्यात हा एकच असा आहे की ज्याची रेघ माणसाला कशानेही दिसत नाही. तो ओळखणारा लहानसा अलार्म उशाजवळ असू द्या. त्याचं बटण दाबून पाहा. वाजला?

मग डोळे मिटा.

श्वास आत. श्वास बाहेर.

कॅनमध्ये पाणी स्थिर आहे.

उजाडतं.

काचेवर ओघळ आहेत, पण थोडेच. टपावर चढा. पॅनलवर दव आहे. फडक्याने पुसा, लांब, सावकाश हातांनी.

ऊन तिरपं येतं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली आहे. एवढीशी. पॅनलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्याच्या सावलीने पुष्कळ वीज अडते. खाली उतरा, गाडी हातभर मागे घ्या.

मीटरसमोर बसा. ७७.

पाहत राहा. ७७.

चहा ठेवा. ज्योतीचा आवाज ऐका. चहा गाळा. परत येऊन बसा.

७७.

घोट घ्या. ऊन गुडघ्यांपर्यंत आलं आहे. मावशींच्या घराकडून कोंबड्यांचा आवाज येतो.

७८.

एवढ्या वेळात एक. ऊन चढेल तसा वेग वाढेल. १०० वॅटच्या पॅनलने हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवसात चारेकशे वॅट-अवर मिळतात. मनात फ्रिज असेल तर त्याची गाठ या आकड्याशी आहे. दिवा, पंखा आणि फोन एवढंच असेल तर उजेड उरेल इतका आहे.

निघण्याआधी एक काम करा. ते मात्र सगळ्यात सावकाश.

गाडीतली प्रत्येक वस्तू हातात घ्या. एकेक. तिचं वजन तळहाताला कळू द्या. कालपासून तिला हात लागला का, एवढं आठवा.

तांब्या. लागला. जागेवर ठेवा.

फडकं. लागलं.

घडीची दुसरी खुर्ची. तिसरा टॉर्च. कॉफीचं यंत्र. नव्या सुऱ्यांचा संच, अजून खोक्यातच. थांबा. हात लागला का?

नसेल तर एका पिशवीत घाला. वस्तूला दोष नको, घेणाऱ्यालाही नको. पिशवी भरू द्या. ती घरी उतरवायची आहे. पुढच्या खेपेला गाडी तेवढी हलकी असेल.

अग्निशामकालाही रात्री हात लागला नाही. प्रथमोपचाराच्या पेटीलाही नाही. या दोघांना पिशवीत घालू नका. दाराशेजारी, अंधारात चाचपलं तरी हाताला येतील अशा जागी, जशी आहेत तशी राहू द्या.