उपटल्यावाचून लावणी नाही



मृग जवळ आला की आजरा भागातला शेतकरी भाताचा तरवा टाकतो. लहानशा वाफ्यात दाट बी पेरायचे आणि तीन-चार आठवड्यांनी, आषाढाच्या धारा लागल्या की, तीच रोपे मुळासकट उपटून चिखलणी केलेल्या शेतात लावायची. आजऱ्याच्या घनसाळ भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण पानात वाढलेल्या त्या सुवासिक भाताची सुरुवात या उपटण्यात आहे, हे जेवताना कुणाच्या ध्यानी येते? आम्हांस या कामात परमार्थाचा धडाच दिसतो. तो या महिन्यात आपणापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा, की हिरवेगार वाढणारे रोप उपटावेच कशाला? राहू द्यावे की जागच्या जागी! पण तरव्यात जागा ती किती? तिथेच ठेवले तर रोपे एकमेकांच्या दाटीत किरटी राहतील, फुटवे धरणार नाहीत, लोंबी भरणार नाही. माणसाचेही तसेच. माझे घर, माझा बांध, माझी भाऊबंदकी या दाटीत जीव हिरवा दिसतो खरा, पण फळावर येत नाही. म्हणून लावणी लागते. मात्र प्रत्येक दुःखाला देवाची लावणी म्हणावे, असे आमचे म्हणणे नाही. गुरे शिरली तरी रोप उपटतेच. उपटणाऱ्या हाताने पुढे ते लावले का, हे पाहावे. लावणारा हात तो कृपेचा हात.

आता उपटण्याची रीत पाहा. जाणता शेतकरी आधी वाफा पाण्याने भिजवतो, रोप बुडाशी धरतो, हळूच ओढतो, मुळांचा चिखल पाण्यात खळबळून धुतो आणि मूठ-मूठ रोपांच्या पेंड्या बांधतो. मुळे उघडी पडली म्हणजे रोपाचा सारा कमकुवतपणा उघडा पडला. अशी पेंडी उन्हात टाकली तर थोड्या वेळात माना टाकते. पाण्यात किंवा ओल्या पोत्याखाली ठेवली तर तग धरते. नुकती माळ घातलेला साधक असाच उघड्या मुळांचा असतो. जुनी संगत सुटलेली, नवी अजून जमलेली नाही. त्याला चेष्टेच्या उन्हात सोडू नये. सत्संग हेच त्याचे ओले पोते.

मग लावणी. एका चुडात दोन-तीनच काड्या, आणि त्याही उथळ. फार खोल दाबले तर रोप पक्के बसेल असे नवख्याला वाटते, पण फुटवे मग उशिरा येतात आणि कमी येतात. परमार्थातही पहिल्याच दिवशी मोठमोठे नेम बोलून स्वतःला चिखलात खोल रोवू नये. रोज हरिपाठ होईल, एकादशी घडेल, खोटे बोलणे टळेल, एवढे धरावे. पण ते सुटू देऊ नये.

लावल्यावर आठवडाभर शेत पिवळे दिसते. उपटताना बारीक तंतुमुळे तुटलेली असतात. पानाला पाणी हवे असते आणि मुळाला ते ओढता येत नाही. त्या दिवसांत रोप वर काही दाखवीत नाही, खाली नवी मुळे सोडीत असते. तेव्हा 'जगलं का मेलं' म्हणून कुणी ते पुन्हा उपटून बघतो काय? पण माणसाला आपण तसेच करतो. नवी सून घरात येते. माहेरच्या तरव्यातून उपटून आणलेले ते रोप! महिना झाला नाही तोच घरचे म्हणतात, 'हिला काहीच येत नाही.' अरे, आधी बांधात पाणी तर राखा! १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडचे किती तरी गडी मुंबईतून उपटून गावी आले. ज्यांना घराने आणि भजनाच्या फडाने सांभाळले, ते पुन्हा रुजले. ज्यांना 'हात हालवीत आला' म्हणून हिणवले, त्यांची मुळे उन्हात वाळली. पंढरीच्या वाटेवर एकमेकांच्या पाया पडणारे आम्ही, घरच्या पिवळ्या रोपाला ओंजळभर पाणी घालीत नसू, तर ती वारी कसली?

शेवटी एक शंका, या भागात नेहमी विचारली जाते ती. 'महाराज, आषाढीला आमची लावण ऐन भरात. रोप सोडून पंढरीला कसं जावं?' बापांनो, मनात अपराध धरू नका. अरणचे सावता महाराज मळा करीत राहिले. विठोबाच त्यांच्या मळ्यात आला, अशी आपली परंपरा सांगते. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांनी तिथेच समाधी घेतली. गुडघाभर चिखलात, डोईवर इरले घेऊन नाम घेत लावलेली प्रत्येक काडी त्याच्याच पायी पोचते. पण सावतोबांचे नाव आळसासाठीही वापरू नये. आपल्या वाऱ्या चार आहेत. आषाढीला लावण, कार्तिकीला कापणी-मळणी आड येते हे खरे. पण माघी आणि चैत्री आहेत ना? भात कणगीत पडल्यावर माघी एकादशीला कोणते रोप आड येते, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आणि एक लहान काम आजच करा. वृंदावनाखाली मंजिरीचे बी पडून पहिल्या पावसात तुळशीची रोपे दाटीने उगवतात. त्यातली दोन, संध्याकाळी, मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून, ज्या घराशी आपले बोलणे तुटले आहे त्यांच्या दारी नेऊन लावा. आठ दिवस ती मलूल दिसतील. पाणी घालायला रोज जा. तुळस रुजेपर्यंत बोलणेही रुजेल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.