पडद्यावरची विद्या आणि शाळेतील पंगत

घरी बसल्या फोनच्या पडद्यावर पाठ मिळत असेल, तर मुलांना शाळेत धाडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पालक विचारतात. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आजारी मुलाला, किंवा ज्या गावी गणिताचा शिक्षक नाही तेथील विद्यार्थ्याला, ऑनलाईन पाठाचा खरोखर आधार होतो. साधनाला दोष देणे योग्य नव्हे.

परंतु साधन शाळेची जागा घेऊ शकेल काय? याची परीक्षा आपण दिलेली आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. ज्या घरी फोन होते तेथे पाठ चालले. जेथे एकच फोन, आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तेथील मूल कोरडे राहिले. त्याच वर्षी कर्नाटक शासनाने 'विद्यागम' योजना काढून शिक्षकांनाच मुलांच्या वस्तीवर पाठविले, यातच मर्म आले. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीची २७.३ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकत. २०२२ च्या 'असर' पाहणीत ती २०.५ टक्केच आढळली.

हानी केवळ वाचनाची नाही. शाळेत सावकाराचे आणि मजुराचे मूल एका बाकावर बसते, मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत शेजाऱ्याला वाढून होईपर्यंत थांबायला शिकते. मुलाचा उतरलेला चेहरा गुरुजींना दिसतो.

कोणी म्हणेल, शाळेत तरी समता कोठे आहे? खरे आहे, काही ठिकाणी अजून वेगळी रांग दिसते. पण ती दिसते म्हणूनच मोडता येते. बंद दारांमागे एकेकट्या बसलेल्या मुलांमधील विषमता कोणास दिसणार?

बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभव मंटपात मंत्री बसवण्णा, नावाडी अंबिगर चौडय्या, पादत्राणे शिवणारे हरळय्या एकत्र बसत, असे परंपरा सांगते. वचने घरोघर पोहोचविता आली असती. तरी शरणांनी एकत्र बसणे सोडले नाही. कारण 'हा आमचा' हे कानांनी ऐकून कळत नाही, शेजारी बसून कळते.

म्हणून फोन जोडीला असावा, बदली नसावा. पट कमी झाला म्हणून गावची शाळा मिटवून मुलांच्या हाती पडदा देण्याची गोष्ट कोणी काढली, तर पालकांनी एवढेच विचारावे: आता या लेकराच्या शेजारी कोण बसणार?